काम करणार का?

"तुम्ही इथं काम करणार का?" विमानतळावरच्या अधिकाऱ्याचा प्रश्न फोनवरच्या दुभाषी बाईनं मराठीत विचारला.

"करणारच की. नुसतं बसून कोण खाईल?" गुणमालाबाई म्हणाल्या.

सांगलीच्या हळद बाजारातले व्यापारी कल्लाप्पा मगदूम आणि त्यांची ही बायको, लेक प्रियदर्शनीच्या बाळंतपणासाठी पहिल्यांदाच विमानानं परदेशी उतरले होते. व्हिसा पाहुण्यांचा. काम कसलं, असं विचारल्यावर बाईंनी स्वयंपाक, धुणं, बाळाला न्हाऊ घालणं, सगळं बोटांवर मोजून दाखवलं. किती दिवस? "पोरगी उठून हिंडाय लागंस्तवर." बायकोला सावरायला कल्लाप्पा पुढं झाले. "ती घरचं बघंल. माझा धंदा हाय." त्यांना सांगलीतला धंदा म्हणायचा होता. दुभाषी बाईनं सगळं इमानानं इंग्रजीत केलं, आणि पाच मिनिटांत दोघं बिनखिडकीच्या खोलीत बसले. पासपोर्ट, फोन अधिकाऱ्याकडं.

कल्लाप्पांचा पारा चढला. खोलीत साठीचे एक नेपाळी गृहस्थ होते. त्यांना हिंदी येतं म्हटल्यावर कल्लाप्पांनी त्यांनाच धरलं. आपली तीन गोदामं, बाजारात मिळणारा मान, जावयाची नोकरी, सगळं ऐकवलं. मला चोरासारखं बसवलंय, वरपर्यंत तक्रार करणार, म्हणाले. गृहस्थ मान हलवत ऐकत होते. कल्लाप्पा दार वाजवायला उठले की गुणमालाबाई सरकून त्या गृहस्थांजवळ बसत. त्यांनी पिशवीतल्या दशम्याही त्यांना दिल्या.

दोन तासांत जावई भरतेश कंपनीचा वकील घेऊन आला. अधिकाऱ्यानं माफी मागून शिक्के मारले. निघताना कल्लाप्पांनी सहज विचारलं, तुम्ही कधीपासून इथं?

"परसों से," गृहस्थ म्हणाले. त्यांनाही तोच प्रश्न विचारला होता. नातू सांभाळणार, असं त्यांनी सांगितलं होतं.

बाहेर प्रियदर्शनी आईच्या गळ्यात पडली. भरतेशनं तक्रारीचं काढलं, पण कल्लाप्पा वकिलाकडं वळले. आत अजून एक माणूस हाय, त्याचं काय करता येईल ते बघा, म्हणाले. वकिलानं पेन काढून नाव विचारलं.

कल्लाप्पांनी बायकोकडं पाहिलं. "दोन तास त्यानं माझं ऐकून घेतलं," ते हळूच म्हणाले. "मी नावसुदीक इचारलं न्हाई."

"पदमबहादूर गुरुंग," गुणमालाबाई म्हणाल्या. "गाव पोखऱ्याच्या वर. ल्योक हॉटेलात भांडी घासतोय. दोन दिस झालं, कामावरनं सुटला की हितं येऊन बसतोय, आत कोण सोडंना. रोज एकदा फोनवर बोलू देत्यात, तवा कळलं त्यास्नी. लाल स्वेटर हाय, आईनं इणलेला."

सगळ्यांनी वळून पाहिलं. पलीकडं खांबाला टेकून लाल स्वेटरातला एक माणूस आतल्या दाराकडं डोळे लावून बसला होता. कागद बघू, अवघड नसावं, असं वकील म्हणत होता. तोवर कल्लाप्पा निघालेसुद्धा. एवढी सगळी माणसं आपल्याकडं येताना पाहून तो माणूस धडपडत उभा राहिला.

कल्लाप्पांनी त्याचा हात हातात घेतला आणि आधी त्याचं नाव विचारलं.