निवडुंगाची वही

“दोन वह्या एकाच रंगाच्या घेऊ नकोस गं,” असं सासूबाई दुकानातच म्हणाल्या होत्या. चिमीच्या आईनं ते या कानानं ऐकलं आणि त्या कानानं सोडून दिलं. पदवीपर्यंत शिकलेल्या बाईला आपली वही ओळखता येणार नाही की काय? शिवाय दुकानात निळ्याच उरल्या होत्या, आणि कडेवरची चिमी दोनदा शिंकली होती. चिमी दोनदा शिंकली की तिच्या आईला जगातली सगळी कामं बाजूला ठेवून घर गाठावं लागे.

एक वही चिमीचीच. चिमी दहा महिन्यांची, गोल गरगरीत, आणि आईच्या मते कायम काहीतरी व्हायच्या बेतात असलेली. मुलांच्या दवाखान्यातले म्हातारे डॉक्टर तिच्या आईचे दिवसाला तीन-तीन फोन घेऊन असे काही कावले होते की, निवृत्त होताना त्यांनी शेवटचं औषध लिहून दिलं ते मुलीसाठी नव्हतंच. मनात येईल ते वहीत लिहा, म्हणाले, आणि महिन्यातून एकदा वही दवाखान्यात पाठवा, आम्ही वाचू.

दुसरी वही कोकरांची. दोन वर्षं पावसानं तोंड दाखवलं नव्हतं. घरच्या मेंढ्यांना दूधच नव्हतं, तेव्हा तिघींनी आपापली कोकरं सरळ टाकून दिली होती. ती तिन्ही चिमीच्या आईनं चिमीच्या जुन्या बाटल्यांवर वाढवली आणि त्यांना मोठी, मधली, धाकटी म्हणू लागली. बाटली सुटल्यावर चाऱ्याचा प्रश्न आला. चारा संपला होता, आणि माळावर बघावं तिकडे नुसता फड्या निवडुंग उभा होता. तिनं वाचून, विचारून, पुन्हा वाचून ठरवलं की काटे जाळायचे, बारीक तुकडे करायचे, वाळका भुसा आणि मूठभर पेंड मिसळायची आणि कोकरांना तेच घालायचं.

सासऱ्यांनी तीस वर्षं कोर्टाच्या दाराशी शिपाई म्हणून काढली होती. त्यामुळे घरातही ते बोलत नसत, निकाल देत. त्यांनी महिन्याची मुदत दिली. महिन्यानं जनावरांच्या डॉक्टरांनी ‘वाढतायत, ठेवा’ असं लिहून दिलं तर कोकरं राहतील, नाहीतर त्यांच्या चुलतभावाकडे जातील. आणि चुलतभावाकडे गेलेलं कोकरू पुढे भेटतं ते ताटातच, हे घरात चिमी सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

जनावरांच्या डॉक्टरांची गाडी बंद पडली होती. नोंद पाठवा, वाचून लेखी कळवतो, असा त्यांचा निरोप आला. महिना भरला त्या सकाळी चिमीचा बाबा वेल्डिंगच्या दुकानात कामाला निघाला, तेव्हा तिनं दोन्ही वह्या त्याच्या हातात दिल्या. डाव्या हातातली जनावरांच्या दवाखान्यात, उजव्या हातातली मुलांच्या, असं त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं. त्यानं मान डोलावली आणि दोन्ही वह्या पिशवीत टाकल्या. पिशवीला डावा-उजवा हात नसतो.

अकराच्या सुमारास फोन वाजला. “दवाखान्यातून डॉक्टर बोलतेय,” एक तरुण बाई म्हणाली. “मी इथे नवीन आहे. तुमची वही वाचली मी. सगळी वाचली.”

जनावरांच्या दवाखान्यात कुणी नवीन बाई येणार, असं चिमीच्या आईच्या कानावर आलं होतं. आली म्हणायची, आणि पहिल्याच दिवशी वही वाचून फोनही केला. तिला धन्य वाटलं. आपल्याला कुणीतरी न कंटाळता प्रश्न विचारतंय, हा अनुभव तिला नवा होता.

“धाकटी कशी आहे आता?”

“पातळ व्हायचं थांबलं हो. निवडुंग जरा जास्त झाला होता तिला. भुसा वाढवला तशी सावरली.”

पलीकडे काहीतरी खाली पडल्याचा आवाज झाला. मग काट्यांबद्दल विचारणा झाली. आपण स्वतः बर्नरनं जाळून काढतो, एखादा चुकून राहिलाच तर चिमट्यानं जिभेतून उपटतो, पण धाकटी गुणी, तोंडातून अवाक्षर काढत नाही, असं तिनं सविस्तर सांगितलं.

“आणि पाणी? तुम्ही लिहिलंय, चार दिवस तिघींनी पाणी प्यायलं नाही.”

“आता पाच झाले. निवडुंगातच मिळतं ना त्यांना. मी बादली उचलूनच ठेवली.”

“झोपतात कुठे त्या?”

“मागच्या शेडमध्ये. आधी स्वयंपाकघरात झोपायच्या, पण सासूबाईंना वास सहन होत नाही.”

डॉक्टरीणबाईंचा आवाज आता फारच हळू झाला. “त्यांची आई... म्हणजे तुम्हीच का?”

“छे, आयांनी टाकलं त्यांना. मी आपली बाटलीवर जगवली. पण सासरे म्हणतात, या महिन्यात अंग धरलं नाही तर धाडून देऊ. म्हणून म्हणते, तुम्ही काय ते लवकर लिहून द्या.”

“मी लिहून देत नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “मी येतेच.”

चिमीच्या आईनं फोन ठेवला आणि सासूबाईंना सांगितलं की, दवाखान्यातून कुणीतरी जातीनं बघायला येतंय. पाहुणी येणार म्हणून तिनं शेड झाडली, तिघींची तोंडं पुसली, आणि ताजा निवडुंग जाळायला घेतला. तपासणीच्या वेळी कोकरं भुकेनं ओरडायला नकोत. नवऱ्याच्या दुकानातला बर्नर होताच, आणि ठिणगी डोळ्यात जाऊन आपण आंधळ्या झालो तर चिमीकडे कोण बघेल, या विचारानं ती नेहमी वेल्डिंगचा लोखंडी मुखवटाही चढवायची.

आता दवाखान्याची गाडी फाटकात थांबली तेव्हा डॉक्टरीणबाईंना काय दिसलं, ते त्यांच्या जागी उभं राहून बघायला हवं. अंगण धुरानं भरलेलं. पायरीवर एक म्हातारा निवांत दाढी करत बसलेला. मधोमध लोखंडी तोंडाची बाई हातभर जाळ सोडत निवडुंगाच्या ढिगाशी उभी. डॉक्टरीणबाईंच्या हातात तीन पांघरुणं, सलाइनच्या तीन बाटल्या आणि बिस्किटांचा पुडा होता.

“मुली कुठे आहेत?” त्यांनी विचारलं.

मुखवट्यातून उत्तर आलं, ते विहिरीतून आल्यासारखं. “शेडमध्ये. खाणं व्हायचंय त्यांचं. हे जळालं की घालतेच.”

डॉक्टरीणबाई धावल्याच. शेडचं दार ढकलून त्या अंधारात गुडघ्यांवर बसल्या आणि हळुवारपणे म्हणाल्या, “घाबरू नका बाळांनो. या माझ्याकडे.”

बाळं आली. तिन्ही एकदम आली आणि डोकी खाली घालून आली. मोठीनं डॉक्टरीणबाईंना भुशात उताणं पाडलं, मधली बिस्किटांच्या पुड्यात कागदासकट शिरली, आणि धाकटीनं गळ्यातला स्टेथोस्कोप तोंडात धरून शांतपणे चघळायला सुरुवात केली. डॉक्टरीणबाई बराच वेळ छताकडे बघत पडून राहिल्या. मग त्यांनी बोटानं मोजलं. एक, दोन, तीन.

तेवढ्यात सासूबाई चिमीला कडेवर घेऊन दारात आल्या. चिमीच्या गालांवर दुधाची साय होती. मुखवटा वर करून चिमीची आईही पोचली, आणि डॉक्टरीणबाईंच्या पांढऱ्या कोटाच्या खिशावर मुलांच्या दवाखान्याचं नाव वाचून तिचा चेहरा त्या कोटासारखाच झाला.

“वह्या,” ती एवढंच म्हणाली.

सासूबाई ‘मी सांगितलं होतं’ असं मुळीच म्हणाल्या नाहीत. त्या नुसत्या चिमीला म्हणाल्या, “बघ हो चिमे, तुझी आई शिकलेली आहे.”

डॉक्टरीणबाई मनानं मोकळ्या निघाल्या. आधी त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, मग त्या हसायला लागल्या आणि हसता हसता पुन्हा भुशात बसल्या. एवढं दूर आलोच आहोत तर रिकाम्या हातानं कशाला जायचं, म्हणून त्यांनी गाडीतला बाळांचा वजनकाटा काढून दाराच्या कडीला टांगला. काट्याच्या झोळीला भोकं दोनच आणि धाकटीला पाय चार. मागचे दोन भोकांतून सोडले, पुढचे दोन सासूबाईंनी हातात धरले. धाकटी महिन्यापूर्वी साडेसात किलो होती, ती साडेदहा भरली. मोठीला झोळीत घालायला दोघीजणी लागल्या.

“उत्तम वाढतायत,” डॉक्टरीणबाईंनी सासऱ्यांना सांगितलं. “माझ्याकडची निम्मी मुलं इतकं अंग धरत नाहीत.”

सासऱ्यांनी राहिलेला अर्धा गाल खरवडून घेतला. बाई हुशार आहेत, म्हणाले, पण हे त्यांच्या अधिकारात बसत नाही. जनावरांच्या डॉक्टरांचंच लेखी पाहिजे. नाहीतर संध्याकाळी चुलतभावाचा टेंपो येतोय. निरोप गेलेला आहे.

जनावरांचे डॉक्टर लिहिणार तरी काय? त्यांच्याकडे चिमीची वही गेली होती. चिमीच्या आईला त्या वहीत लिहिलेलं सगळं ओळीनं आठवायला लागलं. चिमी आज ‘बाबा’ म्हणाली. अर्धी वाटी मऊ भात खाल्ला, उरलेला माझ्या केसांत घातला. दात येतायत, चप्पल चावते. दुपारी निजली होती, दर पाच मिनिटांनी जाऊन श्वास बघितला.

जेवणाच्या सुट्टीत चिमीचा बाबा निळी वही घेऊन आला. डॉक्टरांनी आतच शेरा लिहिलाय, असं म्हणाला. आपण काय करून ठेवलंय याचा त्याला पत्ता नव्हता, आणि सांगायचा कुणाला धीर नव्हता. सासऱ्यांनी चष्मा लावला. कोर्टातली तीस वर्षांची सवय. ते वरचं काहीच वाचत नसत. निकाल शेवटच्या ओळीत असतो.

“‘वाढ समाधानकारक. ठेवण्यास हरकत नाही,’” त्यांनी मोठ्यांदा वाचलं, वही मिटली आणि चुलतभावाला येऊ नको म्हणून फोन लावायला आत गेले. डॉक्टरीणबाई धाकटीच्या तोंडातून स्टेथोस्कोप काढून घेण्यात गुंतल्या होत्या.

सगळे पांगल्यावर सासूबाईंनी वही उघडली आणि वरच्या ओळी वाचल्या. वाचताना त्यांनी पदर तोंडाशी धरला होता. डॉक्टरांनी लिहिलं होतं की, चिमी बोलते हे मी दोनदा वाचलं. मेंढरांत असं आढळत नाही, परंतु काळजीचं कारण दिसत नाही. दात येताना चप्पल चावली तर चावू द्यावी. सारखं उचलू नये, पाय वापरू द्यावेत. निजली असता वरचेवर जाऊन बघू नये. त्यानं जनावर बुजतं आणि राखणाराही खंगतो.

“हे बघ,” सासूबाई म्हणाल्या, “डॉक्टरांनी लिहिलंय तसंच वागायचं. चिमी आत्ताच निजलीय. तासभर त्या खोलीत डोकावायचं नाही. डोकावलीस तर मी ह्यांना वरच्या ओळी वाचून दाखवीन, आणि मग तू आहेस, तुझी कोकरं आहेत आणि तो टेंपो आहे.”

तेव्हापासून चिमीची आई अंगणाच्या पायरीवर बसून आहे. समोर तिघी निवडुंग खातायत आणि अधूनमधून तिच्याकडे बघतायत. दाराशी सासूबाई धान्य निवडत बसल्यात. त्यांच्या हातून एकही खडा सुटत नाही आणि सुनेच्या पायांवरची नजरही हटत नाही. सतरा मिनिटं झालीत. आतून आवाज नाही. काहीच आवाज नाही, हेच तर वाईट.

पण हे वाचणाऱ्या तुम्हाला सासूबाई थोड्याच ओळखतात? तुम्ही पाणी प्यायला आत आलात असं वाटेल त्यांना. उजव्या हाताची पहिली खोली, दार नुसतं लोटलेलं आहे. चपला बाहेर काढा, पाय वाजवू नका, आणि एवढंच बघून या हो, चिमीच्या तोंडावर पांघरूण तर आलं नाही ना?