रत्नमालाबाईंचं पोट आणि दोन गाड्या

मधुकरराव रामटेक्यांचा जगात कशावर पूर्ण विश्वास असेल, तर तो बायकोच्या पोटावर. जवाहरनगरच्या फॅक्टरीत त्यांचा जन्म तपासणी विभागात गेला. समोर आलेली वस्तू मापाला लावायची आणि ‘पास’ किंवा ‘रिजेक्ट’ म्हणायचं, एवढंच काम. निवृत्त होऊन भंडाऱ्यात घर बांधलं तरी खोड काही गेली नाही. बाजारातून आणलेली वांगीसुद्धा ते खिडकीच्या उजेडात फिरवून बघत. गाडी घ्यायची ठरली आणि तिला माप कोणतं लावायचं असा प्रश्न आला, तेव्हा त्यांनी सरळ स्वयंपाकघराकडे बघितलं.

रत्नमालाबाईंना गाडी लागायची. साधीसुधी नाही, भयंकर. त्यांचं माहेर चिखल्याला, भाऊ श्यामराव तिथं मँगनीजच्या खाणीत. माहेरी पाय ठेवला की भावजय चंद्रकांता ‘या बाई, बसा’ म्हणायच्या आधी लिंबूपाणी घेऊन धावायची. भाचीच्या लग्नात तर मांडवात बुद्धवंदना सुरू होती आणि आत्याबाई आतल्या खोलीत कपाळावर ओलं फडकं घेऊन आडव्या. आता भाच्याचं लग्न ठरलं होतं. बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढं मेणबत्ती आत्यानंच लावायची, असं श्यामरावांनी फोनवर निक्षून सांगितलं होतं.

“अजी, मले काही नको,” रत्नमालाबाई म्हणाल्या. “साडी नको का दागिना नको. फक्त एक डाव मांडवात सरळ चालत जाचं हाये.”

“जाशीन न! आपल्या गाडीत जाशीन!” मधुकरराव म्हणाले. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलेलं त्यांना बघवत नसे. मग ते लगेच काहीतरी कबूल करून बसत.

गाडी ऑटोमॅटिक घ्यायची, यावर घरात एकमत होतं, कारण क्लचचं आणि मधुकररावांचं जन्मात जमलं नव्हतं. पण गाडी ऑटोमॅटिक म्हटली, पेट्रोल म्हटली, डिकीवाली म्हटली, तरी भांडायला इंजिन उरतंच. शोरूममध्ये एकाच गाडीत दोन इंजिनं मिळत होती. एक टर्बो, दुसरं बिनटर्बोचं, साधं.

मुलगा सुगत पुण्यात नोकरीला. त्याचा फोन आला.

“बाबा, डोळे मिटून टर्बो घ्या. टर्बो हवा दाबून इंजिनात भरते. इंजिन लहान, पण ताकद मोठी. घाटात कळते फरक.”

शेजारचे भैय्यालाल तिथंच चहा पीत बसले होते. ते फॅक्टरीत देखभाल विभागात होते आणि दुसऱ्याच्या फोनमध्ये बोलण्याचा त्यांना हक्कच होता. “अरे सुगत, भंडाऱ्यात घाट एकच, वैनगंगेचा. तिथं माणूस सोताच्या गाडीनं जात नाही! अन् ज्या इंजिनले सोताहून श्वास घेता येते, त्याच्या नाकात पंप काहून घालाचा?”

“काका, तुम्ही जुन्या काळातले...”

“जुन्या काळातला हाव म्हणूनच अजून चालून राहिलो!”

झालं. महिनाभर हेच. सुगतचा फोन आला की मधुकरराव टर्बोवाले, भैय्यालाल चहाला आले की साधे. शेवटी मधुकरराव म्हणाले, “वाद बंद. माल मापाले लावू. रत्नाचं पोट ज्या गाडीत शांत राहीन, ते गाडी पास.”

“म्हणजे मी का तुमच्या तपासणीतलं माप हाव?” रत्नमालाबाई म्हणाल्या. पण मांडव आठवला आणि त्या चपला घालून निघाल्या.

शोरूमच्या प्रफुल्लनं टर्बो काढली. बिचारा नवा पोरगा, गिऱ्हाइकाला देव मानणारा. मधुकरराव चालवायला बसले, रत्नमालाबाई शेजारी, मागं प्रफुल्ल आणि साक्षीदार म्हणून भैय्यालाल. निघाल्या निघाल्या प्रफुल्लच्या लक्षात आलं, की काकाजी उजव्या पायानं वेग देतात आणि डावा पाय ब्रेकवर ठेवून बसलेत.

“काकाजी, ऑटोमॅटिकमध्ये डाव्या पायाले आराम द्या जी. एकच पाय वापराचा.”

“मंग दुसरा कायले हाये? रिकामं बसलेलं मले पाहवत नाही. माणूस असो का पाय असो.”

मधुकररावांनी उजवा पाय दाबला. गाडीनं क्षणभर विचार केला. त्यांनी आणखी दाबला, तेवढ्यात टर्बो जागी झाली आणि गाडी अशी सुटली की डाव्या पायानं घाबरून ब्रेक दाबला. गाडी थांबली, पुन्हा सुटली, पुन्हा थांबली. मुंडी हलवत हलवत ती वैनगंगेच्या पुलावरून कारध्याला पोहोचली आणि रत्नमालाबाई म्हणाल्या, “थांबवा.”

त्या रस्त्याच्या कडेला बसल्या. मधुकररावांनी मान हलवली. “टर्बो रिजेक्ट.”

“मी म्हणलोच होतो!” भैय्यालालांना आनंद झाकता येईना.

दुसऱ्या दिवशी साधं इंजिन. आता तपासणी म्हटली की दोन्ही मालांना अट सारखी पाहिजे, म्हणून मधुकररावांनी बायकोला काल खाल्ले होते तेवढेच तर्री-पोहे खायला लावले. तीच वेळ, तोच रस्ता, तीच सीट. साधं इंजिन गरीब होतं, झटका काही देत नव्हतं. पण पुढं धानाच्या पोत्यांचा ट्रॅक्टर आला. त्याला मागं टाकायला मधुकररावांनी दाबलं तर इंजिन नुसतं ओरडलं. मग डाव्या पायानं आपलं काम केलं, उजव्यानं आपलं. ट्रॅक्टर निघून गेला आणि कारधं यायच्या आतच रत्नमालाबाई म्हणाल्या, “थांबवा.”

आता पंचाईत झाली. दोन्ही माल रिजेक्ट! भैय्यालाल म्हणाले, दोष तर्रीचा. सुगत फोनवर म्हणाला, “टर्बोत कमी त्रास झाला असेल, आईला नीट विचारा.” आईला नीट विचारलं तर आई म्हणाली, “आता मले विचाराल तर लाटणं काढीन.” लग्न आठवड्यावर आलं. रत्नमालाबाईंनी नवी साडी कपाटात परत ठेवली. भावाला फोन करून हळूच सांगितलं, “श्याम, मेणबत्ती चंद्रकांताच्याच हातानं लाव रे बाबा. माह्यं काही खरं नाही.”

हे मधुकररावांनी दाराआडून ऐकलं. सकाळीच ते शोरूममध्ये हजर. “प्रफुल्ल, दोन्ही गाड्या काढ. चिखल्याच्या रस्त्यानंच तपासतो. वरठीपर्यंत हे, तिथून पुढं ते.”

बिचाऱ्या प्रफुल्लनं दुसरी गाडी वरठीजवळ आधीच नेऊन उभी करवली. पण टर्बो तिथवर पोहोचायच्या आतच रत्नमालाबाईंनी हात वर केला. गाडी अर्धी रस्त्यावर, अर्धी खाली. बाई उतरल्या. प्रफुल्ल पाण्याची बाटली आणायला टपरीकडे धावला. मधुकरराव आणि भैय्यालाल बाभळीखाली वाद घालायला उभे.

“हवा दाबली की अशीच होते!”

“मंग साध्या गाडीत काहून झालं? तिथं कुठं हवा दाबली होती?”

मागून ट्रकवाल्यानं कर्कश हॉर्न दिला. “ओ काका! गाडी बाजूले घ्या न! रस्ता का आंदणात भेटला?”

काकांचं लक्षच नव्हतं. रत्नमालाबाईंनी तोंड पुसलं, एकदा नवऱ्याकडे बघितलं, एकदा ट्रककडे, आणि पदर खोचून चालवायच्या सीटवर जाऊन बसल्या. आता हे सांगायला पाहिजे, की स्कूटीचं लायसन काढताना मुलीनं, दीपमालानं, आईला हट्टानं चारचाकीही शिकवली होती आणि तिचंही लायसन काढून दिलं होतं. पण ‘गाडी लागणारी बाई गाडी काय चालवणार?’ असं म्हणून घरात सगळे हसले होते आणि ते लायसन देवासारखं कपाटात बसलं होतं.

गाडी त्यांनी बाजूला घेतली. पण थांबवली नाही. एका पायानं, डावा पाय आरामात ठेवून, त्या सरळ निघून गेल्या.

“रत्ना! अवं रत्ना!” मधुकरराव धावले. मागं भैय्यालाल, त्यांच्या मागं पाण्याची बाटली घेऊन प्रफुल्ल. “वहिनी, टर्बो हाये! जपून!” भैय्यालाल ओरडले.

थोड्या वेळानं गाडी वळून आली. मुंडी न हलवता. काच खाली झाली. रत्नमालाबाईंच्या चेहऱ्यावर असा रंग होता, जो मधुकररावांनी प्रवासात कधीच पाहिला नव्हता.

“बसा,” त्या म्हणाल्या. “मागं.”

तुमसरपर्यंत टर्बो त्यांनी चालवली. परत वरठीला येऊन साधी गाडीही चालवली. पोटानं हूं की चूं केलं नाही.

“कमाल झाली,” भैय्यालाल पुटपुटले. “दोन्ही पास?”

प्रफुल्लनं खूप धीर केला. “काकाजी, माफ करा, पण दोष गाडीत नव्हता जी. तुमच्या डाव्या पायात होता.”

मधुकररावांनी खाली आपल्या डाव्या पायाकडे बघितलं. आयुष्यभर सगळं तपासलं, आपला पाय तेवढा राहून गेला. आणि खरं सांगायचं तर मागच्या सीटवर बसल्यापासून आता त्यांनाच गाडी लागायला लागली होती.

लग्नाच्या दिवशी पांढरी गाडी चिखल्याच्या मांडवापाशी थांबली. चंद्रकांता सवयीनं लिंबूपाणी घेऊन धावली. समोरचं दार उघडलं आणि रत्नमालाबाई चालवायच्या जागेवरून उतरल्या. साडीची निरीसुद्धा मोडली नव्हती.

“बाप्पा! बाई, तुम्ही?”

“मले नको वं. मागं बसलेत त्यायले दे.”

वंदना सुरू झाली तेव्हा मधुकरराव आतल्या खोलीत आडवे होते. कपाळावर ओलं फडकं होतं. श्यामराव हळूच आत आले.

“भाऊजी, बरं वाटून राहिलं का? अन् शेवटी कोणती घेतली जी? टर्बो का साधी?”

मधुकररावांनी एक डोळा उघडला. “ते राहू द्या. तुमच्या बहिणीनं मेणबत्ती लावली का?”

“लावली न! सगळ्यांच्या पुढं उभी हाये.”

“मंग गाडी पास,” मधुकरराव म्हणाले आणि फडकं डोळ्यांवर ओढून घेतलं.