सरकती खोली आणि उलटे जोसेफ

यंदा ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत मी गोड सोडलं नाही, हेवा सोडला. (गोड सोडणं सोपं होतं, हे नंतर कळलं.)

हिवाळा काढायला आम्ही मिनेसोटाची मंडळी मोटारघरं घेऊन ऍरिझोनाच्या या तळावर येतो. शेजारच्या मार्लिसच्या मोटारघराला चार सरकत्या खोल्या. बटण दाबलं की अलगद बाहेर येतात. आमच्याला एकच, तीही कण्हत येते.

मी हेवा केला नाही. माझ्या नवऱ्याने, नॉर्बर्टने, आमचं मोटारघर विकून मोठं घ्यावं, एवढीच प्रार्थना केली. आम्हां कॅथलिकांत घर विकायचं असलं की अंगणात संत जोसेफांची मूर्ती डोक्यावर उभी पुरतात. चाकांवरच्या घराला कुठलं अंगण? वारा सुटला म्हणून खोली आत घेतली होती. मी बोटाएवढी लाकडी मूर्ती तिच्या खालच्या फटीत उलटी खोचली आणि निर्धास्त झाले.

शुक्रवारी रोझरीची, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेची, बैठक आमच्याकडे, पहिल्यांदाच. नॉर्बर्टने बटण दाबलं. घर गुरगुरलं, खोली हलेना. खोली आत असली की आम्ही दोघंच एकमेकांची माफी मागत वावरतो. इतक्या बायका गुडघे कुठे टेकणार?

"फ्यूज ठीक आहे, बॅटरी भरलेली आहे," नॉर्बर्ट म्हणाला. "मोटरही फिरतेय."

"म्हातारं झालंय," मी आशेने म्हणाले. "विकून टाकू या."

"गुडघा धरला म्हणून तुला विकलं का मी?"

तेवढ्यात मार्लिस आणि तिचा नवरा ड्वेन आले. "अगं अ‍ॅग्नेस, माझ्याकडे घ्या की रोझरी. मी लुथरन पंथाची असले म्हणून काय झालं? जागाच जागा आहे."

"नको गं, उघडेल," मी हसून म्हणाले. (ते हसू माझ्या उपासात धरावं.)

ड्वेन टॉर्च घेऊन खोलीखाली सरपटला. तेव्हा कुठे मला ती फट आठवली.

"चाकाच्या दात्यांत कोणीतरी अडकलंय," खालून आवाज आला.

"कोणीतरी म्हणजे?" नॉर्बर्टने विचारलं.

"दाढीवाला आहे. डोक्यावर उभा आहे."

त्याने मूर्ती उपसली आणि खोली कण्हत बाहेर आली.

"तुझा का गं हा?" मार्लिसने विचारलं.

नॉर्बर्ट माझ्याकडेच बघत होता. "नाही बाई," मी म्हणाले, "मी ओळखत नाही त्यांना." (कोंबडा आरवायच्या आत पेत्रही येशूबद्दल असंच म्हणाला होता. इथे आरवायला कोंबडा नव्हता, एवढंच.)

"मग मी नेते. बिचाऱ्याचं नाक चेचलंय." चेचलेलं नाक दिसू नये म्हणून तिने मूर्ती आपल्या दारातल्या निवडुंगाच्या कुंडीत डोकं खाली करून रोवली.

रोझरी छान झाली. पुढच्या आठवड्यात मार्लिस धापा टाकत आली. "अगं, रस्त्याने जाणाऱ्या एका माणसाने आमचं घर मागितलं. दिलं विकून."

मला मनापासून आनंद झाला. वाटलं, नेम फळतो तो असा.

काल त्यांचं नवं घर आलं. पाच खोल्या. पाचवी आमच्या खिडकीसमोर उघडते, त्यामुळे आता आमच्याकडे ऊन येत नाही.

ईस्टर अजून लांब आहे. मी खिडकीशी जपमाळ घेऊन बसले होते. नॉर्बर्टने पडदा ओढला आणि मार्लिसने पाठवलेल्या केकचा तुकडा माझ्यापुढे केला.

"खा," तो म्हणाला. "गोड तरी तू सोडलेलं नाहीस."