दुसऱ्या चौकटीतला झपाट्या

आमच्या गल्लीत दारांवर पाट्या लावायची हौस दांडगी. एका पाटीवर बी. ए., एलएल. बी. आहे, एकीवर 'माजी सभापती' आहे, आणि एका गृहस्थांनी तर निवडणूक हरल्यावरही 'भावी' हा शब्द पुसलेला नाही. या सगळ्यांत खरं बोलणारी पाटी एकच. तिच्यावर लिहिलंय : दिनकर पिंपळखुटे, कॉमिक्सलेखक (अप्रकाशित).

पांढरकवड्याच्या कॉलेजात मराठी शिकवायला आलो तेव्हा ही पाटी पाहून मी थबकलो होतो. कंसातला शब्द इतक्या सुबक अक्षरात रंगवलेला, की ती परदेशातून आणलेली एखादी पदवी वाटावी. पुढे ओळख झाल्यावर मी विचारलं, "दिनूभाऊ, हे कंसात कशाला?"

"उद्या कोणी म्हणन का यानं खोटी पाटी लावली. सरकारी माणूस आहो मी, सर."

दिनूभाऊ तहसील कचेरीत कारकून. अंगाने बारीक, मिश्या भरघोस, आणि बोलणं सगळं कॉमिक्ससारखं, चौकटींमध्ये आणि संवादाच्या फुग्यांमध्ये. सकाळी माझ्या दारात उभे राहून ते साधं "आहेत का सर?" असं कधी विचारत नसत. "चौकट पहिली. सर पेपर वाचून राह्यले. चौकट दुसरी. दारात दिनूभाऊ. फुगा : चहा झाला का?" मग आत येऊन बसत. खुर्ची करकरली तर तो आवाज तोंडाने पुन्हा काढून दाखवत, कारण कॉमिक्समध्ये आवाज लिहावा लागतो आणि तो लिहिण्यापूर्वी घोटावा लागतो. एकदा त्यांच्या हातून पितळी परात पडली. त्यांच्या पत्नी कुसुमवहिनी स्वयंपाकघरातून धावत आल्या, तर हे खाली बसून पुटपुटत होते, "ठण्ण... नाही, ठणाण्ण. तीन 'ण' लागतीन."

कुसुमवहिनी या सगळ्याला सरावलेल्या होत्या. भांडायची वेळ आली की त्या पदर खोचून म्हणत, "आज माहा फुगा मोठा काढा. लई बोलाचं हाये मले."

दिनूभाऊंना चित्र काढता येत नव्हतं. कॉमिक्स लिहिणाऱ्याला ही अडचण वाटावी, पण त्यांना ती कधी वाटली नाही. ते आपले मजकूर लिहीत आणि समासात अजून जन्माला न आलेल्या चित्रकाराला आज्ञा देत : 'येथे भयंकर वादळ काढावे.' 'येथे डाकूच्या डोळ्यांत पश्चात्ताप दिसावा, पण थोडाच.'

शेवटी त्यांना बाबा पेंटर सापडला. गावातले पुढाऱ्यांचे बॅनर तोच रंगवायचा. हात चांगला होता, फक्त त्या हाताला सवय एकच. बाबा पेंटरने काढलेला कोणताही माणूस हात जोडूनच उभा राही. दिनूभाऊंचा नायक झपाट्या, जो वाऱ्याच्या वेगाने उडत येतो, तो हात जोडून उडत आला. ज्याच्यावर त्याने झेप घेतली त्या डाकूनेही हात जोडलेले. मागे एक म्हैस होती. तिचे पुढचे पाय इतके जवळजवळ काढले होते, की तीही नगरपालिकेला उभी राहणार असं वाटत होतं.

"बाबा, याले एक तरी मुक्का मारू दे ना," दिनूभाऊ काकुळतीला आले.

"मूठ जमत नाही भाऊ. जिंदगी गेली जोडलेले हात काढू काढू."

दिनूभाऊ खचणाऱ्यातले नव्हते. त्यांनी डाकूच्या तोंडी 'माफ करा' घातलं आणि मला समजावलं, "आन् झपाट्याचं म्हणाल तं सर, आपल्या इकडं मोठ्या माणसाले हाणाच्या अगुदर नमस्कार कराची पद्धत हाये."

ते आमच्या भागातले कापसाचे वाईट दिवस होते. जिल्ह्याचं नाव दिल्लीच्या पेपरात यायचं आणि चांगल्या कारणासाठी यायचं नाही. कॅमेरेवाले लोक गाड्या थांबवून आम्हाला खेड्यांचे रस्ते विचारत. अशा दिवसांत एक मध्यमवयीन कारकून रोज संध्याकाळी ओट्यावर बसून उडत्या माणसाच्या गोष्टी लिहितो, याचं गल्लीला हसू यायचं. मलाही यायचं. तरी मी त्या वाचत असे, आणि मला त्यात दोष दिसे तो एकच. मात्र तो एकच सगळी गोष्ट बुडवायला पुरेसा होता.

झपाट्या फार लवकर यायचा.

उदाहरणार्थ, 'जिनिंगमधली आग'. पहिल्या चौकटीत एक माणूस कापसाच्या गंजीजवळ बिडी पेटवतो. दुसऱ्या चौकटीत झपाट्या येऊन बिडी काढून घेतो. संपलं. उरलेली चार पानं झपाट्या त्याला बिडीचे दुष्परिणाम सांगतो. दुसऱ्या एका गोष्टीत एस.टी. पुरात वाहून जाणार असते, तर हा स्टँडवरच चाकाची हवा सोडून ठेवतो. डाकूंची टोळी निघणार, तर आदल्या दिवशी सरदाराच्या घरी जाऊन त्याच्या आईला सांगून येतो.

मी त्यांना उत्कंठा म्हणजे काय ते शिकवलं. नायक आधी आला तर वाचक पान कशाला उलटेल, हे फळ्यावर लिहावं तसं समजावलं. ते मान डोलवत ऐकत, आणि पुढच्या गोष्टीत झपाट्या पुन्हा दुसऱ्याच चौकटीत हजर.

एवढं असूनही नागपूरच्या एका दैनिकाने त्यांना भेटीला बोलावलं. रविवारच्या पुरवणीच्या संपादकांना त्यांनी पाठवलेली पानं आवडली होती. दिनूभाऊंनी लग्नातला सफारी काढला. तो त्यांच्या लग्नातला होता, त्यामुळे बटणं लागेनात. वहिनींनी निघताना हातावर दही दिलं आणि बजावलं, "तिथं साहेबापुढं तोंडानं आवाज काढू नोका."

मीही सोबत गेलो. संपादक माणूस बरा होता. हात जोडलेल्या डाकूवर तो मनापासून हसला, मग चष्मा काढून म्हणाला, "पिंपळखुटे, तुम्हाला लिहिता येतं. हा तुमचा झपाट्या मला आवडला. मी तुम्हाला दर रविवारी अर्धं पान देतो. फक्त याला जरा थांबवा हो. जिनिंग पेटू द्या. माणसं अडकू द्या आत. आणि मग शेवटच्या चौकटींत आणा याला."

"म्हणजे किती उशीर कराचा जी?"

"आता काही खरं नाही असं वाटेपर्यंत."

दिनूभाऊंनी मान डोलवली. दर रविवारी अर्धं पान! परतीच्या एस.टी.त मीच जास्त खुशीत होतो. म्हटलं, "दिनूभाऊ, घरी गेल्याबरोबर पेंटरला बोलवा आणि तो कंस पुसून टाका." ते खिडकीतून बाहेर पाहत राहिले. चौकट नाही, फुगा नाही. वाटेत जाम गावच्या चौकात गाडी चहासाठी थांबली. आम्ही उतरलो. मी पुन्हा उत्कंठेकडे वळलो तेव्हा त्यांनी हातातला पेला टेबलावर ठेवला.

"सर, उशिरा जाचं काम मी नोकरीत करतोच ना."

मला समजलं नाही.

"खेड्यात कोणी जीव देल्ला का आमची जीप जाते. साहेब पुढं, मी मागं. लिवून घ्याचं काम माह्याकडं. आमी पोचतो तवा लोकाईचं रडून झालेलं असते. शेजारून खुर्च्या मांगून आणतात आमच्यासाठी. चहा ठेवतात, सर. ती बाई ईचारते, साखर किती टाकू म्हणून."

कंडक्टरने शिटी वाजवली. आम्ही आत जाऊन बसलो. उत्कंठेवर मी आणखी बरंच बोलणार होतो, ते राहून गेलं.

पुढच्या आठवड्यात दिनूभाऊ नवीन पानं घेऊन आले. स्वारी पूर्वीसारखीच खुशीत होती. "चौकट पहिली. सर चष्मा शोधून राह्यले," असं म्हणत त्यांनी माझा चष्माही शोधून दिला. मी पानं वाचू लागलो. झपाट्या दुसऱ्या चौकटीत नव्हता. संपादकाने त्याला मागे ढकलायला सांगितलं होतं, यांनी त्याला आणखी पुढे ओढून थेट पहिल्या चौकटीत बसवला होता.

पहिल्या चौकटीत एक माणूस आपल्या ओट्यावर बसलेला आणि झपाट्या त्याच्या शेजारी. दोघं भुईमुगाच्या शेंगा फोडत असतात. झपाट्या विचारतो, पोरगी कितवीत गेली? माणूस सांगतो, नववीत, गणित कच्चं आहे. झपाट्या म्हणतो, माझंही कच्चंच होतं. मग बैलाच्या खुराची गोष्ट निघते. मग आतून बाई म्हणते, पाहुणे जेवूनच जातीन. झपाट्या जेवतो. अंगणात खाट टाकतात, तो तिथेच मुक्काम करतो. अख्ख्या गोष्टीत तो एकदाही उडत नाही.

"हे नागपूरला पाठवणार?" मी विचारलं.

"पाठवलं. कालच्या टपालानं."

"छापतील?"

"छे! कायले छापतीन?" दिनूभाऊ मिश्यांतल्या मिश्यांत हसले.

मी पुन्हा एकदा पानं चाळली. शिक्षकाची खोड लवकर जात नाही. "पण दिनूभाऊ, पहिल्याच चौकटीत हा येऊन बसला. मग पुढे सगळ्या पानांवर होतं काय?"

"काईच होत नाही, सर," ते म्हणाले. "तेच तं पाह्यजे."