न जळणारी आकडी

शंतनु मोटारसायकलवरून पेडगावात शिरला, तेव्हा बिरूच्या दारात जमलेली माणसं पाहून त्याला बरं वाटलं. पाहणीला एवढे लोक आपणहून आले, असा त्याचा समज झाला. गाडी लावता लावताच त्याने विचारलं, "काय बिरू, मोडली का एखादी?"

बिरूने लाल डोळ्यांनी वर पाहिलं. "बाबा गेले, सर. पहाटं."

शंतनुने जीभ चावली. परभणीच्या एका कॉलेजात तो शिकवत असे आणि कार्बन फायबरवर संशोधन करत असे. शेळ्यांसाठी बाभळीचा पाला पाडायच्या लांब आकड्या त्याने इथल्या मेंढपाळांना वाटल्या होत्या. निम्म्या कार्बन फायबरच्या, निम्म्या साध्या बांबूच्या. सगळ्यांना रंग एकच, काळा. कोणती कुणाकडे हे शंतनुखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं. माणसाला कळलं की तो वापर बदलतो आणि चाचणी वाया जाते, असं गाईड मैथिली मॅडमनी बजावलं होतं. वजनावरून ओळखू येऊ नये म्हणून त्याने कार्बनच्या पोकळ आकड्यांत वाळूसुद्धा भरली होती. हलकी म्हणून बनवलेली वस्तू त्याने मोठ्या कष्टाने जड केली होती.

बिरूच्या वडिलांची, रामहरीबाबांची तिरडी बांधून तयार होती. तिचे दोन काळे दांडे शंतनुने लगेच ओळखले.

"बांबू आणायला आता परभणीला कोण जायलाय?" बिरूचा चुलता नागनाथ म्हणाला. "दादाची आन् बिरूची आकडी घेतली. चालतंय न्हवं, सर?"

बाबांची बांबूची होती, बिरूची कार्बनची. सांगावं तर चाचणी बुडते. "चालतंय," शंतनु म्हणाला.

गल्लीच्या तोंडाशी डावा दांडा कडाडला आणि बाबा एका अंगाला कलंडले. बायकांनी किंकाळी फोडली. शंतनुने धावत जाऊन खांदा दिला.

"एकच कशी मोडली?" नागनाथ ओरडला. "दोन्ही सारख्याच हायत की!"

"ती साधी बांबूची होती," शंतनुच्या तोंडून निघून गेलं.

रामहरीबाबांची बायको सरजाबाई पुढे आली. "म्हंजे आमच्या मालकाला तुमी नकली दिल्ती?"

"नकली नाही, मावशी. तुलनेसाठी..."

"कुणासंगं तुलना? पोटच्या पोरासंगं?"

स्मशानात दोन्ही दांडे सरणावर ठेवले, तेव्हा खरं तर बोलायला हवं होतं. पण पुन्हा तोंड उघडायची त्याची हिंमत झाली नाही.

तिसऱ्या दिवशी बिरूचा फोन आला. "सर, या. तुमची आकडी जळली न्हाई."

आकडीतले धागे जोडणारी राळ जळून गेली होती, पण कार्बनचे धागे तसेच उरून अस्थींत गुंतले होते. सरजाबाई राखेजवळ बसून होती. "मालक कोणते आन् काठी कोणती, तेवढं निवडून द्या," ती म्हणाली.

शंतनु उकिडवा बसला. केसाहून बारीक धागे बोटांत घुसत होते. ऊन डोक्यावर आलं तेव्हा कुठे बिरूला अस्थी गाडग्यात भरता आल्या. शंतनुला मूठ मिटवेना.

सरजाबाईने कनवटीचा, काटे काढायचा चिमटा काढला आणि त्याचा हात ओढून घेतला. "हलू नगा. कुणाकुणाकडं ही न जळणारी हाय, ते आधी सांगून टाका. तुमची चाचणी व्हईल तवा व्हईल. माणसं काय तवर थांबणार हायत?"

खिशात मैथिली मॅडमचा फोन वाजत होता. शंतनुने तो वाजू दिला आणि नावं सांगायला लागला. पहिलंच नाव नागनाथचं निघालं.

गाडग्याशी उभा असलेला नागनाथ राखेकडे वळला. मग हळूच म्हणाला, "सर, मला नकली बदलून द्या."