हॅरो फॉल्सच्या शेवटल्या पाइनची मोहीम

विस्कॉन्सिन प्रांती, हॅरो फॉल्स कसबियाचे ठायी, एका पाइन वृक्षास्तव जे रण माजले त्याची हकीकत घडली तैसी लिहिली असे; श्रोतीं सावध होऊन परिसावी.

नदीकाठचे रान क्रँडल घराण्याच्या करवतखान्याने दोन पिढ्यांत फस्त केले आणि गावात एकच जुनाट पाइन उरला. मग करवतखान्याचे धनी, काष्ठकुलावतंस सायलस क्रँडलसाहेब यांचे चित्ती आले की ट्रामगाडी चालवावी आणि रूळ नेमके त्या वृक्षाचे जागी टाकावे. नगरपरिषद त्यांचे खिशात. सबब हुकूम तत्काळ सुटला.

हे वर्तमान शाळामास्तरांची विधवा, सुधारणाधुरंधर ऑगस्टा व्हीलॉकबाई यांस पोचताच त्यांनी महिला मंडळाची मसलत बसविली आणि फर्माविले की, मत देण्याचा अधिकार आपणांस नाही, परंतु बसण्यास मनाई कोणी केली नाही. तरी समस्तांनी जातीनिशी झाडाखाली ठाण मांडावे. मग बाया टोप्या चढवून, विणकाम व डोनटांच्या टोपल्या घेऊन निघाल्या आणि बाके मांडून बसल्या. बाके क्रँडलांच्याच करवतखान्याची. परंतु तो विषय कोणी काढिला नाही.

साहेबांनी शेरीफ ब्रेकी यांस नामजाद केले. शेरीफ आवेशाने चालोन आले, आणि आघाडीस आपलेच कुटुंब पाहून थबकले.

"काय हो, मला उचलून नेणार? मग रात्री जेवायला कुठं जाणार?"

शेरीफांनी टोपी काढिली, डोनट स्वीकारिला आणि माघार घेतली.

मग खासा सायलससाहेब करवतकऱ्यांसह आले. पाहतात तो मधल्या बाकावर मातोश्री!

"आई, ऊठ. लोक हसतील."

"हसू देत. तुझ्या बापानं सगळं रान कापलं, मी गप्प बसले. या झाडाखाली तुला निजवलंय मी, सायलस."

"मग रूळ कुठून नेऊ?"

"तुझ्या बंगल्यापुढच्या हिरवळीवरून ने. चांगली ऐसपैस आहे."

साहेबांनी करवतकऱ्यांस इशारत केली, आणि करवती माघारी फिरल्या.

ट्राम साहेबांच्या दिवाणखान्यासमोरून घणघणू लागली. पुढे साहेब प्रांताच्या सेनेटच्या निवडणुकीस उभे राहिले, आणि 'वनरक्षक क्रँडल' ऐशी पितळी पाटी झाडापुढे बसविली. मंडळात संताप उसळला.

ऑगस्टाबाई म्हणाल्या, "अगं, लावू दे पाटी. आता जन्मात त्याला हे झाड तोडता येणार नाही."

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. पाइन उभा राहिला, आणि सायलससाहेब बायांच्या मतांवाचून प्रचंड बहुमताने निवडून आले, हे दफ्तरी नमूद असे.