जोमाअण्णांचा विलायती मतदारसंघ

आमच्या वॉर्डाचा नगरसेवक कोण, असं जोमाअण्णांना विचारलं तर ते डोकं खाजवतात, आभाळाकडे बघतात आणि म्हणतात, "असंल कोनतरी." पण इंग्लंडातल्या ऑल्डमार्श मतदारसंघात दुसऱ्या महायुद्धानंतर कोण पडला, त्याला कुणी पाडलं आणि पाडणाऱ्याच्या सासऱ्याची कसली गिरणी होती, हे ते तुम्हाला उभ्या उभ्या सांगतील. तेही तुम्ही न विचारता.

मी हे सगळं ऐकलेलं आहे. मी निवृत्त मास्तर, पेणला अण्णांच्या भिंतीला भिंत लावून राहतो, आणि मला उत्तम इंग्रजी येतं असा त्यांचा गैरसमज आहे. सकाळी मी दात घासत असतो तेव्हाच पलीकडून हाक येते, "गुर्जी, आपल्याकडं निळेवाले खाली आलं." आपल्याकडं म्हणजे ऑल्डमार्शला. पक्षांची नावं अण्णा घेत नाहीत. निळेवाले, तांबडेवाले आणि पिवळेवाले, एवढ्यात ब्रिटनचं राजकारण संपतं. मी तोंडात फेस घेऊन मान हलवतो. न हलवून सांगतो कुणाला!

अण्णा मूळचे खाडीकाठच्या खारेपाटातले. बापजाद्यांची भाताची शेती होती. एका उधाणात बांधाला खांड गेली, म्हणजे बांध फुटला, आणि खाडीचं पाणी शेतात शिरलं ते पुन्हा निघालंच नाही. शेताचं खाजण झालं. मग अण्णांनी पेणला बिऱ्हाड केलं, धाटावच्या एका कंपनीत शिफ्ट केल्या आणि रिटायर झाले. एकुलती एक लेक रेखा नर्स होऊन विलायतेला गेली आणि ऑल्डमार्शच्या इस्पितळात लागली. ती तिकडे असतानाच अण्णांची बायको वारली.

वर्षापूर्वी तिचं नाव तिथल्या मतदार यादीत आलं. पासपोर्ट आपला, पण राष्ट्रकुलातला माणूस तिकडे राहत असेल तर त्याला मत असतं, असा काहीतरी नियम आहे. तिने फोनवर विचारलं, "अण्णा, मत कुनाला देऊ?" अण्णा म्हणाले, "थांब. अभ्यास करून सांगतो."

तो अभ्यास अजून चालू आहे.

अभ्यासाचं साधन म्हणजे मोबाईल. त्यावर इंग्रजी मजकूर घालायचा आणि मराठी बाहेर काढायचं. जे बाहेर येतं ते घेऊन अण्णा माझ्याकडे. एकदा घाबरेघुबरे होऊन आले, "गुर्जी, तिकडं संसदेला फाशी दिली!" मी बघितलं तर मूळ शब्द 'हंग पार्लमेंट'. कुणालाच बहुमत नाही, एवढाच अर्थ. दुसऱ्यांदा 'रिटर्निंग ऑफिसर'वर अडले. मोबाईल म्हणाला, 'परत येणारा अधिकारी'. "हा जातो तरी कुठं परत्येक येळेला?" अण्णांचा प्रश्न. मी आयुष्यभर इलेक्शन ड्यूटी केली, मतपेट्या डोक्याखाली घेऊन शाळांच्या व्हरांड्यात झोपलो, पण ही शंका मला कधी आली नव्हती.

'रॉटन बरो'चं मात्र त्यांना समजवावं लागलं नाही. दोनशे वर्षांपूर्वी ऑल्डमार्शला मूठभर मतदार होते, ते सगळे एका जमीनदाराच्या ताटाखालचे, आणि तो सांगेल तो खासदार. मोबाईलने त्याचं 'कुजलेलं गाव' केलं. अण्णा लगेच म्हणाले, "कळलं. म्हंजे आपल्या सोसायटीचं इलेक्शन."

सगळ्या इतिहासातून त्यांनी एक सिद्धान्त काढला आहे. 'मार्श' म्हणजे खाजण हे कळल्या दिवशी ते आनंदाने लाल झाले होते. "आपल्यासारकीच खारी जागा, गुर्जी! तितंबी समुद्राला बांध हाय." तेव्हापासून कुठल्याही निकालाचं कारण एकच. लोक महागाई म्हणोत, युद्ध म्हणोत, अण्णा हात वर करून थांबवतात. "ते ऱ्हाऊंद्या. पयला बांध बगा." बांध फुटला की खासदार पडतो. पिवळेवाल्यांचा एक फार मोठा माणूस केवळ खांडीमुळे घरी बसला, असं ते मला पुराव्यासकट सांगतात.

"आणि इकडे?" मी एकदा खवचटपणे विचारलं.

"इकडं?" अण्णा म्हणाले, "इकडं खांड गेली की निवडून येतो. बांधाचा नारळ फोडायला जागा होते ना! आमच्या एका खांडीवर तीन नारळ फुटलंत. बांध कवा झाला नाय, खोबरं झालं."

निकालाचा एक जुना व्हिडिओ ते आल्यागेल्याला दाखवतात. सगळे उमेदवार एका स्टेजवर उभे, पडलेला जिंकलेल्याचा हात हातात घेतोय, आणि मागे एक जण कोंबडीचा पोशाख करून उभा. "तोबी उमेदवार," अण्णा कौतुकाने सांगतात. "इकडं हाय का असा कोन?" मी म्हटलं, आहेत की, फक्त ते पोशाख घालत नाहीत.

यंदा ऑल्डमार्शला पोटनिवडणूक लागली आणि आमच्या भिंतीपलीकडे वातावरण तापलं. तिथल्या खासदाराने पद सोडलं होतं. पण तिकडे म्हणे खासदाराला सरळ राजीनामा देताच येत नाही. त्याने नावापुरतं एक सरकारी पद घ्यायचं, की खासदारकी आपोआप जाते. अण्णांनी यावर दोन दिवस विचार केला. "आपल्याकडं उलटं. पद घेतलं का पक्ष जातो, खासदारकी ऱ्हाते."

रेखा आता रोज रात्री फोन करू लागली. अण्णा फोन स्पीकरवर लावत आणि भिंत पातळ, त्यामुळे मला सगळं ऐकू येई. "मंग अण्णा, ठरलं का?" "नाय गो. तांबडेवाला बरा वाटतो, पन बांधावर काय बोलंना. तू जरा इचारून ये." ती बिचारी दिवसभर कामाने पिचून येत असणार, आणि हे तिला समुद्राच्या बांधावर चौकशीला धाडतात! मला खरोखर राग येई. एक मत ते काय, त्याला एवढं दळण कशाला? एकदा मी भिंतीवर थाप मारून ओरडलोसुद्धा, "अण्णा, चिठ्ठ्या टाका!"

मतदानाच्या दिवशी दुपारी मी जेवून लवंडलो होतो, तर माझाच फोन वाजला. रेखा होती. "गुरुजी, अण्णा सकाळपासनं फोन उचलत नायत. बंद लागतो. जरा बगता का?"

मी तसाच धावलो. अण्णा मागच्या पडवीत धडधाकट बसले होते. मी संतापून विचारलं, "फोन कुठाय?"

"तांदळाच्या डब्यात."

"डब्यात कशाला? पोरगी तिकडे घाबरली आहे! आज मतदान आहे ना?"

"म्हनूनच." अण्णा माझ्याकडे बघेनात. "आज सांगितल्याबिगर सुटका नाय, गुर्जी. एकदा सांगितलं का संपलं. मंग उद्या ती फोन कशाला करंल? आदी आठवड्यातनं एकदा करायची. जेवलात? जेवलो. पाऊस? हाय. ठेवते. येवडंच. मना दुसरं बोलता येत नाय तिच्याशी."

मला फार वाईट वाटलं. भिंतीवर मारलेल्या थापेची लाज वाटली. मी अंगणात आलो आणि रेखाला फोन लावला. म्हटलं, "अण्णा ठीक आहेत. तू त्यांची वाट बघू नको. जा आणि मत देऊन ये."

ती म्हणाली, "गुरुजी, माझी ड्यूटी असते म्हणून मी पोस्टानं मत देते. देऊन दहा दिवस झाले. त्यांना सांगू नका."

"अगं, मग रोज विचारत होतीस ते?"

"दुसरं काय इचारू? मी इकडं यायला निघाले तवा ते रागानं म्हणालेले, आता मना काय इचारू नको, तुजी तू शानी. मी सात वर्सं काय इचारलं नाय. आई गेली तवापन नाय. हे एक भीत भीत इचारलं, आनि ते म्हणाले, सांगतो."

मी डोळे पुसले आणि आत गेलो. चाळीस वर्षं मुलांना खरं बोला म्हणून शिकवलं, पण त्या दिवशी खुशाल खोटं बोललो. म्हटलं, "अण्णा, रेखा सांगत होती, तिकडे आता लगेच नगरपालिकेचीही निवडणूक आहे. तिला त्यातलं काहीच कळत नाही म्हणे."

अण्णांनी मान वर केली. "वार्ड किती हायेत?"

"मला काय माहीत?"

"तुमाला कवा काय म्हाईत असतं!" अण्णा उठले, डब्यात कोपरापर्यंत हात घातला, फोन काढून सदऱ्याला पुसला आणि सुरू केला. रेखाला लावला, तर पहिली रिंग पुरी व्हायच्या आत तिने उचलला.

"रेके, आजचं मत तुज्या मनानं दे," ते म्हणाले. "आनि आता नीट ऐक. तुज्या वार्डात कोन कोन ऱ्हातंय ते मना पयल्यापासनं सांग. घाई नाय."